भोर-वेल्हे प्रदेशातील दक्षिण ट्रॅप

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे (राजगड) या तालुक्यांची जवळजवळ सर्व भूमी ज्या काळ्या अग्निज खडकांची बनलेली आहे, त्या खडकांच्या राशीस दक्षिण ट्रॅप म्हणतात. भूकवचातील भेगांतून वर आलेला बेसाल्टी लाव्हा पातळ असल्यामुळे दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा पसरला. असे थरावर थर साचून ही रास निर्माण झाली. आज ती सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापते आणि महाराष्ट्राच्या सु. चार-पंचमांश भूमीखाली ती आहे. झीज होऊन नाहीसा झालेला आणि अरबी समुद्राच्या तळाशी गेलेला भाग लक्षात घेतल्यास तिचा मूळ विस्तार याहून पुष्कळच मोठा असला पाहिजे. ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्यांचा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. सह्याद्रीच्या डोंगरबाजूंना असलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या स्वरूपास ते समर्पक आहे.

या विस्तीर्ण प्रदेशात भोर-वेल्हे हा भाग लहान असला, तरी भूविज्ञानाच्या दृष्टीने त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. सह्याद्रीतील लाव्ह्याच्या राशीचा जो मधला भाग येथील डोंगरांत उघडा पडला आहे, तो पृथ्वीच्या इतिहासातील एका मोठ्या जीवसंहाराच्या आगेमागे साचलेला आहे. तो त्या संहाराच्या किंचित आधीचा की किंचित नंतरचा, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. तसेच या तालुक्यांतील गडांची रचना, झऱ्यांची ठिकाणे, उन्हाळ्यातील पाणीटंचाई आणि दरडींचे धोके यांचा उलगडाही याच थरांच्या रचनेवरून होतो.

स्थान व भूरूपे : सु. १८° उत्तर अक्षांशाच्या आसपास पसरलेल्या या प्रदेशाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा असून त्यापलीकडे कोकण आहे. कड्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा गेलेल्या आहेत व त्यांच्या दरम्यान नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी व मोसी या नद्यांची खोरी आहेत. पहिल्या चार नद्यांचे पाणी नीरेतून, तर आंबी व मोसी यांचे मुठेतून अखेर भीमेस मिळते. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, रोहिड खोरे ही इतिहासप्रसिद्ध नावे म्हणजे वस्तुतः लाव्ह्याच्या राशीत नद्यांनी कोरलेल्या या दऱ्यांचीच नावे होत. भोर गाव समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे, तर तोरण्याचा माथा सु. १,४०० मी. उंच आहे. राजगड व रायरेश्वर यांची उंचीही त्याच्या जवळपास येते. म्हणजे खोऱ्याच्या तळापासून गडाच्या माथ्यापर्यंत सु. ८०० मी. जाडीची लाव्ह्याची रास येथे डोळ्यांसमोर उभी असते. हे माथे म्हणजे वेगवेगळे ज्वालामुखी नव्हेत. पूर्वी त्यांच्या दरम्यानची दरीही याच थरांनी भरलेली होती. ते थर नद्यांनी वाहून नेले आणि उरलेले अवशेष गड म्हणून उभे राहिले. तोरण्यावरून पाहता समोरच्या राजगडावर त्याच उंचीच्या आसपास तसेच पट्टे दिसतात, ते यामुळेच.

खडक : येथील मुख्य खडक बेसाल्ट हा असून प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरोक्सीन व लोहाची ऑक्साइडे ही त्याची प्रमुख घटक खनिजे होत. लाव्ह्याच्या एका थराची जाडी काही मीटरांपासून कित्येक दशक मीटरांपर्यंत असते. अशा थराचा तळचा व मधला भाग सावकाश निवाल्यामुळे घट्ट व सूक्ष्मकणी होतो. निवताना तो आकसतो आणि त्यात उभे सांधे पडतात. वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात व पुढे त्या झिओलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ यांसारख्या खनिजांनी भरतात. पोकळ्या भरलेल्या अशा ठिसूळ खडकास महाराष्ट्रात मांजऱ्या म्हणतात. घट्ट भाग झिजेला दाद देत नाही व त्याचा उभा कडा बनतो. मांजऱ्या लवकर कुजतो व त्याचा मुरूम होऊन उतार किंवा सपाटी तयार होते. कडा व सपाटी यांच्या या आलटून-पालटून येण्यामुळेच डोंगरांना जिन्याचे रूप आलेले आहे.

दोन थरांच्या दरम्यान पुष्कळ ठिकाणी विटेच्या रंगाचा, हाताने कुसकरता येणारा मातकट पट्टा दिसतो. त्याची जाडी काही सेंमी.पासून क्वचित दोन-तीन मी.पर्यंत असते. घाटरस्त्यांसाठी डोंगर तासलेल्या जागी हा गेरूचा पट्टा सहज नजरेस पडतो. खालचा लाव्हा थिजल्यानंतर व वरचा येण्यापूर्वी जो काळ गेला, त्या काळात खालच्या थराच्या पृष्ठाची झालेली झीज व त्यावर पडलेली ज्वालामुखी राख यांपासून असे पट्टे बनले आणि वरून आलेल्या तप्त लाव्ह्यामुळे ते भाजून निघाले. जाड कड्यांच्या तुलनेत हा पट्टा नगण्य वाटतो. परंतु या प्रदेशाच्या अभ्यासाच्या इतिहासात आरंभी व अखेरीस त्याचेच महत्त्व दिसून येते.

आरंभीचे अभ्यास : पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने या मुलुखाच्या सांख्यिकीय पाहणीचे काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपविले. शेती, पर्जन्य, प्राणी, पक्षी, महसूल अशा नाना विषयांची माहिती गोळा करताना साइक्स यांनी डोंगरांची उंची मोजली आणि खडकांच्या थरांची टिपणे केली. दख्खनच्या भूविज्ञानावरील त्यांचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आला. घट्ट बेसाल्ट व पोकळ्यांचा खडक यांचे एकाआड एक येणारे आडवे थर, त्यांना छेदून जाणाऱ्या बेसाल्टाच्या उभ्या भित्ती, तसेच थरांच्या दरम्यानची लोहयुक्त तांबडी माती यांचे वर्णन त्यात आहे. ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव रूढ होण्यास हा निबंध कारणीभूत झाला.

हे थर आडवे का, हा त्या काळच्या अभ्यासकांना पडलेला मोठा प्रश्न होता. व्हीस्यूव्हिअस किंवा एटना यांसारखा शंकूच्या आकाराचा पर्वत येथे कोठेच दिसत नव्हता. गाळाच्या खडकांप्रमाणे हा लाव्हा पाण्याखाली पसरला असावा, असे काहींना वाटे. नागपूर भागात स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना लाव्ह्याच्या थरांच्या दरम्यान गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे व वनस्पतींचे जीवाश्म सापडले होते. त्यांवरून सरोवरांची कल्पना पुढे आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८५१ मध्ये झाली. तिचे एक अधिकारी विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅपविषयी विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला, जीवाश्म असलेले थर हे दोन उद्‌गिरणांच्या दरम्यान साचलेल्या लहान तळ्यांचे अवशेष होत, असे त्यांनी दाखवून दिले. हे मत पुढे सर्वमान्य झाले. शंकू नसण्याचे कारण भेगी उद्‌गिरण हे होय. लाव्हा एका मुखातून न येता लांबच लांब भेगांतून आला आणि त्या भेगांत थिजून राहिलेला लाव्हा म्हणजेच भित्ती. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींचे समग्र विवेचन केले. त्यानंतर नर्मदा-तापी खोरे, कोकण किनारा आणि नाशिक-पुणे पट्टा असे भित्तींचे तीन प्रमुख समुदाय ओळखले गेले. सह्याद्रीतील वरच्या थरांना लाव्हा पुरविणाऱ्या काही भित्ती नाशिक-पुणे पट्ट्यात असल्याचे एकविसाव्या शतकातील रासायनिक तुलनेवरून दिसून आले आहे.

वयाचा वाद : ट्रॅपचे वय ठरविणे याहून अवघड होते. लाव्ह्यात जीवाश्म नसतात व भोर-वेल्ह्यासारख्या सह्याद्रीच्या भागात जीवाश्मयुक्त तळ्यांचे थरही आढळत नाहीत. त्यामुळे येथील डोंगरांचे वय शेकडो किमी. दूर विदर्भात व मध्य प्रदेशात सापडलेल्या जीवाश्मांवरून अनुमानावे लागे. ब्लॅनफर्ड यांच्या परंपरेतील भूवैज्ञानिक ट्रॅप क्रिटेशस कालखंडातील मानीत. उलट, लखनौ विद्यापीठातील पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल सहानी यांनी १९३४ मध्ये हा प्रश्न नव्याने उपस्थित करून वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे ट्रॅप त्यानंतरच्या तृतीय कल्पाच्या आरंभीचे असल्याचे प्रतिपादन केले. आज मागे वळून पाहता दोन्ही पक्ष सत्याच्या जवळ होते, असे म्हणावे लागते. कारण लाव्ह्याचे उद्‌गिरण या दोन कालखंडांच्या सीमेवरच झालेले आहे.

किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारलेल्या कालमापनामुळे वाद मिटेल अशी अपेक्षा होती. परंतु पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढलेली वये सु. ३ कोटी ते १० कोटी वर्षे अशी दूरवर विखुरलेली आली. उष्ण व दमट हवेत खडक कुजला की त्यातील आर्गॉन निसटतो व पोटॅशियमाचे प्रमाणही बदलते. त्यामुळे या पद्धतीची उत्तरे भरवशाची ठरली नाहीत आणि ट्रॅप कित्येक कोटी वर्षे साचत होते, असा समज काही काळ टिकून राहिला.

पुराचुंबकत्वाचा पुरावा : यातून वाट निघाली ती अनपेक्षित दिशेने. बेसाल्टातील लोहखनिजे थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात व ती पुढे कायम राहते. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांतील चुंबकत्वाची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांवरून लाव्हा पसरला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, असा निष्कर्ष निघाला. खंडे स्थलांतर करतात, ही कल्पना तेव्हा बहुसंख्य भूवैज्ञानिकांना अमान्य होती. तिच्या बाजूने मिळालेल्या आरंभीच्या भक्कम पुराव्यांत सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी हे संशोधन पुढे नेले. आजच्या अनुमानानुसार उद्‌गिरणाच्या वेळी हा प्रदेश सु. ३०° दक्षिण अक्षांशाच्या आसपास होता. म्हणजे राजगडाच्या कातळाने तेव्हापासून उत्तरेकडे सु. ५,००० किमी. प्रवास केलेला आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अधूनमधून उलटते. सह्याद्रीतील थरांच्या फार मोठ्या भागात उलटी दिशा आढळते व महाबळेश्वराच्या वरच्या थरांत ती सुलटी होते. हजारो मीटर जाडीच्या राशीत दिशाबदल इतके थोडे असतील, तर ती कोट्यवधी वर्षे साचत राहिली असणे संभवत नाही. व्हँसाँ कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा युक्तिवाद मांडला. लाव्ह्याचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर साचला व तो काळ क्रिटेशसच्या अंताचा होता, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८ मध्ये डंकन व पाइल यांनी सुधारित आर्गॉन पद्धतीने काढलेल्या वयांनी त्यास पुष्टी दिली.

थरांची ओळख : सर्वत्र सारखाच दिसणारा काळा दगड कोणत्या थराचा, हे डोळ्यांनी ठरविणे कठीण असते. एका डोंगरावरील थर दुसऱ्या डोंगरावर ओळखता आला नाही, तर राशीचा क्रमच लागत नाही. १९८०–९० या दशकात या अडचणीवर रासायनिक पृथक्करणाचा उपाय सापडला. ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे पीटर हूपर, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील के. व्ही. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील घाटरस्ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून प्रत्येक थराचे नमुने घेतले. टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम अशा मूलद्रव्यांचे व समस्थानिकांचे प्रमाण गटागटाने बदलते, असे त्यांना आढळले. त्यावरून राशीचे शैलसमूह पाडण्यात आले व ते तीन उपगटांत बसविण्यात आले : सर्वांत खाली कळसूबाई, मध्ये लोणावळा व वर वाई. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीवरून स्वतंत्र वर्गीकरण केले असून त्यात पुणे परिसराच्या थरांना कार्ले, दिवेघाट, पुरंदरगड इ. नावे आहेत.

हे थर अगदी आडवे नसून दक्षिणेकडे अर्ध्या अंशाच्या आसपास कललेले आहेत. कल डोळ्यांना जाणवत नाही. पण शंभर किमी. अंतरात त्याने कित्येकशे मीटरांचा फरक पडतो. म्हणून इगतपुरीकडून महाबळेश्वराकडे जाताना समान उंचीवर क्रमाने अधिकाधिक तरुण थर भेटतात. भोर-वेल्हे हा भाग लोणावळा व महाबळेश्वर यांच्या मध्ये येतो. लोणावळ्याकडे डोंगर बनविणारा बुशे शैलसमूह येथे कोकणकड्याच्या तळाशी जातो. खोरी व डोंगर मुख्यतः वाई उपगटातील पोलादपूर व आंबेनळी या शैलसमूहांचे बनलेले आहेत आणि दक्षिणेकडे जावे तसे उंच माथ्यांवर महाबळेश्वर शैलसमूह येऊ लागतो. सह्याद्रीत पोलादपूर शैलसमूहाची जाडी सु. ३७५ मी., तर आंबेनळीची सु. ५०० मी. भरते.

या दोहोंचे रसायन भिन्न आहे. प्रावरणातून वर येताना पोलादपूरचा शिलारस खंडीय कवचात रेंगाळला व त्यात ग्रॅनाइटी खडकांचा अंश मिसळला. आंबेनळीच्या शिलारसात अशी भेसळ जवळजवळ नाही. तो तयार वाटेने लवकर वर आला असावा. या कवचाचा प्रत्यक्ष पुरावा दक्षिणेस कोयना परिसरात मिळाला. १९६७ च्या भूकंपाच्या संदर्भात पुढे तेथे घेतलेल्या खोल विंधनांपैकी एकात सु. ९३० मी. बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. आंबेनळी व महाबळेश्वर शैलसमूहांशी रसायनाने जुळणारे लाव्ह्याचे थर आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी आढळतात. हा लाव्हा सह्याद्रीकडून जुन्या नदीखोऱ्यांतून सु. १,००० किमी. वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला, असे स्टीव्हन सेल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले. हे मान्य केल्यास पृथ्वीवरील ज्ञात लाव्हाप्रवाहांत ते सर्वांत लांब ठरतात.

उद्‌गिरणाचे स्वरूप : या घटनेचा आवाका समजण्यास आइसलँडमधील लाकी भेगेचे उदाहरण घेता येईल. १७८३–८४ मध्ये आठ महिन्यांत तिच्यातून सु. १५ घन किमी. लाव्हा बाहेर पडला. त्याबरोबर आलेल्या गंधकयुक्त वायूंमुळे कुरणे विषारी झाली, गुरे मेली आणि दुष्काळात त्या देशाची सु. एक-पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. दक्षिण ट्रॅपमधील मोठ्या प्रवाहांपैकी एकेकाचे घनफळ १,००० घन किमी.हून अधिक असल्याचे अनुमान आहे. ओसाड लाव्हाभूमी कशी दिसते, ते अरबस्तानच्या वाळवंटात पाहावयास मिळते. मदीनेजवळ १२५६ मध्ये ५२ दिवस उद्‌गिरण झाले. तेथील काळे, उघडे लाव्हाक्षेत्र पावसाअभावी अद्याप जवळजवळ मूळ स्वरूपात आहे. मावळातही प्रत्येक नव्या प्रवाहानंतर काही काळ असेच काळे वाळवंट पसरत असे. पुढे पाऊस, झीज व वनस्पती यांनी त्यावर माती चढे आणि पुढील प्रवाह ती पुन्हा गाडून टाकी. गेरूचे पट्टे ही या मधल्या विसाव्याच्या काळांची खूण होय.

जीवसंहाराचा प्रश्न : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अंती, डायनोसॉरांसह जमिनीवरील व समुद्रातील असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. १९८० मध्ये लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह त्या काळच्या मातीतील इरिडियमाच्या आधिक्यावरून अशनीच्या आघाताची उपपत्ती मांडली. १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्‌शुलूब येथील गाडले गेलेले विवर या आघाताचे म्हणून ओळखले गेले. परंतु दक्षिण ट्रॅपचे उद्‌गिरणही त्याच सुमारास चालू होते. संहाराचे कारण आघात, लाव्ह्याबरोबरचे वायू की दोन्ही, हे ठरविण्यासाठी कोणता थर आघाताच्या आधीचा व कोणता नंतरचा, हे हजारो वर्षांच्या अचूकतेने कळणे आवश्यक झाले.

येथे साइक्स यांनी नोंदविलेली तांबडी माती पुन्हा पुढे आली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन व अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी यांच्यासह एका गटाने सह्याद्रीतील गेरूच्या पट्ट्यांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून काढले. बेसाल्टात झिरकॉन क्वचितच असतो. मात्र पट्ट्यांत मिसळलेल्या ज्वालामुखी राखेत तो सापडतो. त्यातील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून वय अत्यंत अचूकपणे काढता येते. याच सुमारास बर्कली येथील पॉल रेनी, कोर्टनी स्प्रेन व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कांचन पांडे यांच्या गटाने बेसाल्टातील फेल्स्पारचे वय आर्गॉन पद्धतीने काढले. दोन्ही गटांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. बहुतेक सर्व रास सु. दहा लाख वर्षांत साचली, याविषयी त्यांचे एकमत आहे. पहिल्या गटाच्या मते मात्र उद्‌गिरण चार मोठ्या आवेगांनी झाले आणि पोलादपूरचा आवेग आघातापूर्वी काही दशसहस्र वर्षे सुरू झाला. दुसऱ्या गटाच्या मते आघाताचा क्षण बुशे व पोलादपूर यांच्या सीमेजवळ येतो. तसे असल्यास लाव्ह्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग संहारानंतरचा ठरतो व आघाताच्या हादऱ्याने उद्‌गिरणास जोर आला असण्याची शक्यताही उरते. म्हणजे वादाचा केंद्रबिंदू पोलादपूर शैलसमूह हाच आहे आणि गुंजवणी व कानंदी यांची खोरी ज्या खडकांत कोरलेली आहेत, त्यांत तो येतो.

गड, पाणी व वस्ती : थरांच्या रचनेचा परिणाम येथील मानवी इतिहासावरही झालेला आहे. घट्ट थराचा उभा कडा हा गडाचा निसर्गदत्त तट आणि त्याखालील किंवा त्यावरील सपाटी ही माची. राजगडाचा बालेकिल्ला व त्याच्या सुवेळा, संजीवनी व पद्मावती या माच्या, तसेच तोरण्याची झुंजार व बुधला माची ही या रचनेची ठळक उदाहरणे होत. सुवेळा माचीवरील नेढे, म्हणजे खडकातील आरपार भोक, कमकुवत भाग झिजून गेल्यामुळे पडले आहे. बांधकामाचा दगड गडावरच काढला जाई आणि दगड काढलेल्या खाणीची टाकी होई. कड्यातील सांध्यांच्या व भेगांच्या रेषेने झीज होऊन नाळा पडल्या. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ या कोकणात उतरणाऱ्या वाटा त्यांतूनच जातात.

बेसाल्ट स्वतः सच्छिद्र नसतो. पाणी साठते ते त्याच्या सांध्यांत, कुजलेल्या मांजऱ्यात व मुरमात. गेरूचा पट्टा चिकणमातीयुक्त असल्यामुळे पाण्यास खाली जाऊ देत नाही. मुरलेले पाणी त्यावर अडते व डोंगराच्या कुशीत जेथे तो उघडा पडतो, तेथे झरा फुटतो. डोंगरावरील वाड्या-वस्त्यांचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या अशा झऱ्यांवर अवलंबून आहे. घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तरीही तेथील वस्त्यांना उन्हाळ्यात टंचाई भासते. कारण उभ्या उतारांवरून पाणी वाहून जाते व खडकातील साठा थोडा असल्यामुळे हिवाळ्याअखेर आटतो. हेच वाहून जाणारे पाणी खोऱ्यांच्या अरुंद, कातळी तोंडांशी अडवून पूर्वेकडील शेतीला व पुणे शहराला पुरविण्यात आले. वेळवंडीवरील भाटघरचे दगडी लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, नीरेवर देवघर व कानंदीवर गुंजवणी ही धरणे झाली. घट्ट कातळाचा पाया व जवळच मिळणारा दगड यांमुळे हा प्रदेश धरणांस अनुकूल ठरला. परंतु खोऱ्यांच्या तळाशी साचलेली सुपीक माती व त्यावरील गावे जलाशयांखाली गेली आणि धरणांच्या वरच्या अंगास असलेल्या वस्त्यांचे पाणी झऱ्यांवरच राहिले.

कुजलेला मुरूम व माती घट्ट कातळावर तीव्र उतारात बसलेली असते. अतिवृष्टीत ती पाण्याने जड होऊन निसटते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले व त्याच पावसात भोर-महाड मार्गावरील वरंध घाटाची मोठी हानी झाली. उतार सपाट करताना, रस्ते रुंद करताना किंवा घरांसाठी डोंगराचा पायथा तासताना मुरमाचा आधार निघून गेला, तर हा धोका वाढतो. कातळ कोठे संपतो व मुरूम कोठे सुरू होतो, गेरूचा पट्टा कोणत्या उंचीवर आहे आणि पाणी कोठून पाझरते, याची गावनिहाय नोंद यासाठी उपयुक्त ठरते. झऱ्यांचे रक्षण करण्यासही हीच नोंद लागते. घाटरस्त्यांच्या कापांत उघडे पडलेले थर हे या प्रदेशाच्या अभ्यासाचे मुख्य साधन आहे. रुंदीकरणात ते काँक्रीटच्या भिंतींनी झाकण्यापूर्वी त्यांची मोजमापे व नमुने घेणे अगत्याचे आहे.